परीक्षेच्या आधीची दोन वर्षं

२०२६-२७ च्या प्रवेशांसाठी एमएचटी-सीईटी दोनदा घ्यायची, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा मेमध्ये, असं राज्य सरकारने ठरवलं. दुसऱ्यांदा बसायचं की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचं आणि दोन्हींपैकी चांगला निकाल प्रवेशाला धरायचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावात अशी बातमी आली की तिच्यावर दोन तऱ्हांनी बोललं जातं. एक तऱ्हा शिकवणाऱ्यांची, दुसरी शिकून पुढे गेलेल्यांची. खालचा संवाद मी त्या बोलण्यांतून रचला आहे. त्यातले सर अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. डॉक्टर त्यांचीच विद्यार्थिनी, धानशेती करणाऱ्या घरातली, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होऊन बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली. दोघंही कुणी एक व्यक्ती नाहीत. त्यांच्या तोंडच्या तक्रारी मात्र या भागातल्या कितीतरी घरांत ऐकायला मिळतील.

सर : दोनदा परीक्षा घेणार म्हणे. एक मोहाच्या वेळी, एक तेंदूच्या वेळी. आमच्या पोरांचे दोन्ही हंगाम गेले म्हणायचे.

डॉक्टर : सर, उलट बघा ना. आधी एप्रिल-मेमधल्या त्या एका दिवशी ताप आला, गाडी चुकली, केंद्रावरचा कॉम्प्युटर बंद पडला की अख्खं वर्ष जायचं. वर्ष गेलं की मुलीचं लग्न ठरायचं. आता महिन्याभरात दुसरी संधी आहे. ही सोय मला मिळाली असती तर मी कितीतरी रात्री झोपले असते.

सर : संधी घ्यायला चंद्रपूरला जावं लागते ना, बेटा. पंचाहत्तर किलोमीटर. सकाळच्या पाळीला साडेसाताच्या सुमारास हजर पाहिजे. सिंदेवाहीच्या मुख्य रस्त्यावरच्या पोराला कसंबसं जमेल. आतल्या गावातून पहाटे सिंदेवाहीलाच यायला गाडी नाही. म्हणजे आदल्या दिवशी निघा, कुणाच्या घरी राहा. मुलगी असेल तर सोबत बाप नाहीतर भाऊ. दोन माणसांचे दोन दिवस, आणि आता दोनदा.

डॉक्टर : तेंदूचे दिवस किती असतात ते मलाही माहीत आहे. आईसोबत मीही पुडे बांधले आहेत.

सर : म्हणूनच तुला सांगतो. तेंदूची फळी सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत जी कमाई होते ती होते. त्यातला एक दिवसही बापाला जड जाते.

इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं, कारण तेंदूचा हंगाम म्हणजे फक्त मजुरीचा हिशोब नाही. ४ मे २०२५ ला देशभर मेडिकल प्रवेशाची नीट झाली. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला जंगलात गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. ज्या आठवड्यात शहरातली घरं उत्तरतालिका जुळवून बघत असतात, त्याच आठवड्यात इथली आई पहाटे रानात गेलेली असते आणि तिची मुलगी पुस्तक उघडून तिच्या परतण्याची वाट बघत असते. परीक्षेचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, तर कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

डॉक्टर : पण सर, तुमची तक्रार अंतराची आहे. परीक्षेची नाही. अंतर कमी करता येतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने २००७ पासून सरकारी शाळांतल्या अकरावीच्या सगळ्या मुलांची एसीटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा त्यांच्याच शाळेत, शाळेच्याच दिवशी, विनामूल्य घ्यायला सुरुवात केली. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले. आधी स्वतः फॉर्म भरून परीक्षा देणाऱ्या आणि कॉलेजला पुरेसे गुण मिळवणाऱ्या दर दहा गरीब मुलांमागे आणखी जवळपास पाच मुलं तेवढीच तयार होती. ती परीक्षेला आलीच नव्हती, एवढंच. तशी पाच मुलं सिंदेवाहीतही असतील. परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी आणा, ती सापडतील. परीक्षाच काढून टाकली तर ती कशी सापडणार?

सर : मी काढून टाका कधी म्हटलं? बारावीचे गुण धरा म्हणतो. २०१४ आणि २०१५ मध्ये इंजिनिअरिंगला काय होतं? जेईई मेनचे पन्नास टक्के, बारावीचे पन्नास टक्के. २०१६ मध्ये सीईटी परत आली आणि बारावी पुसून गेली. २०२२ मध्ये तेव्हाचे मंत्री उदय सामंत यांनी पुन्हा पन्नास-पन्नासची घोषणा केली, तीही हवेत राहिली. आज खुल्या वर्गाला भौतिक, रसायन, गणितात पंचेचाळीस टक्के, राखीव वर्गाला चाळीस टक्के पडले की बारावीचं काम संपलं. मग पोरगा माझ्या वर्गात कशाला बसेल?

डॉक्टर : बारावीचे गुण म्हणजे काय असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भौतिकशास्त्राच्या शंभरात तीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते कॉलेजातच मिळतात. तुम्ही प्रामाणिकपणे वीस दिलेत आणि शेजारच्या कॉलेजाने सगळ्यांना एकोणतीस दिले, तर मार मला. आणि लेखी? दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं ते उगाच का? एखाद्या केंद्रावर खिडकीला माणसं लटकलेली, एखाद्या केंद्रावर चोख बंदोबस्त. माझे गुण माझ्या अभ्यासावर ठरले की केंद्रावर, हे मला कधीच कळलं नसतं. सीईटीला, नीटला माझं आडनाव दिसत नाही, गाव दिसत नाही. माझ्यासारखीला याची किंमत कळते.

सर : आडनाव दिसत नाही, हे खरं. ते मी कधी नाकारणार नाही. पण गाव दिसते, बेटा. गाव वेळेत दिसते. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं. एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. पुस्तक बोर्डाचंच आहे, मान्य. पण चोपन्न सेकंदांत उत्तर द्यायची सवय पुस्तकातून लागत नाही. ती सराव परीक्षांतून लागते, आणि सराव परीक्षा नागपुरात विकत मिळतात.

डॉक्टर : आता मोबाईलवरही मिळतात. महाज्योतीने ओबीसी मुलांना टॅब दिले, डेटा दिला.

सर : दिले. चांगलं केलं. माझ्या गल्लीतल्या एका पोरीकडे आहे तो टॅब. रेंज मिळाली की ती छतावर जाऊन बसते. पण तिला अडलं तर विचारायचं कुणाला? तिच्या कॉलेजात विज्ञानाचा वर्ग भरतो का, ते आधी बघ.

सरांचं हे म्हणणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. सीईटीत बारावीचा भाग ऐंशी टक्के आणि अकरावीचा वीस टक्के असतो. म्हणून अकरावी हे वर्ष बऱ्याच ठिकाणी नावापुरतं उरलं. त्यातच इंटिग्रेटेडची पद्धत आली. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणं भलत्याच शहरातल्या क्लासमध्ये, आणि हजेरीपटावर सही कुणाची ते विचारू नये. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती याचसाठी. शहरातल्या मुलाला सोयीचं पडावं म्हणून खेड्यातल्या कॉलेजात कागदी प्रवेश घेतले जातात. पट भरलेला दिसतो, बाकं रिकामी असतात. ज्या पाच-दहा मुलांना खरोखर तिथेच शिकायचं असतं, त्यांच्यासाठी शिक्षकाने पूर्ण तयारीने वर्ग घ्यावा अशी अपेक्षा कुणी करत नाही. शिक्षकही मग तशी अपेक्षा स्वतःकडून ठेवत नाही.

सर : प्रयोगशाळेत मीटर ब्रिज आहे, प्रिझम आहे, गॅल्व्हानोमीटर आहेत. शेवटच्या काही वर्षांत मी ते काढून ठेवले की पोट्टे विचारायचे, सर, हे सीईटीत येते का? येत नाही म्हटलं की उठून जायचे. पोरांचा काय दोष? त्यांना कळत होतं कशाला किंमत आहे.

डॉक्टर : मला तुमच्याकडे प्रयोग करायला मिळाले.

सर : कारण तुझ्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं परीक्षा कोणती होणार. गोंधळाचा तेवढाच फायदा झाला.

डॉक्टर : (हसून) अकरावीत होते मी. २८ एप्रिल २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मेडिकलला नीटच. ५ मे ला सीईटी झाली. २४ मे ला केंद्राचा वटहुकूम आला की त्या वर्षापुरती राज्याची परीक्षा चालेल. आमच्या पुढच्या बॅचच्या ताईंचे हाल मी बघितले. त्याआधी २०१३ मध्ये नीट झाली, जुलैत कोर्टाने ती रद्द ठरवली, मग दोन वर्षं पुन्हा सीईटी. आम्हाला बारावीत ठरलेलं मिळालं ते एवढंच की नीट आहे आणि ती मराठीतूनही देता येईल. ते वर्ष २०१७.

सर : आणि मराठीतून देऊन तुझा नंबर लागला नाही.

डॉक्टर : नाही लागला. त्या वर्षी प्रादेशिक भाषांतल्या प्रश्नपत्रिका इंग्रजीहून वेगळ्या निघाल्या म्हणून देशभर आरडाओरडा झाला. पण मी त्याला दोष देत नाही. माझी तयारी कमी होती. मी रिपीट केलं.

सर : कुठे?

डॉक्टर : नागपूरला.

सर : पैसा?

डॉक्टर : बाबांनी धानाची बांधी गहाण टाकली. तुम्हाला माहीत आहे ते.

सर : मग परीक्षेला गाव दिसत नाही असं म्हणू नको. तुझ्या बापाची बांधी गहाण पडली तेव्हा कुठे ते गाव झाकलं गेलं. ज्याच्याकडे गहाण टाकायला बांधीच नाही, त्याच्या पोरीचं काय? आणि दुसरी गोष्ट. २०१८ मध्ये तुला जागा मिळाली तेव्हा सत्तर-तीस होतं. विदर्भातल्या मेडिकलच्या सत्तर टक्के जागा विदर्भाच्या पोरांना. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते काढलं. आज तेच गुण असते तर?

डॉक्टर : कदाचित नसती मिळाली. हे मी मान्य करते. पण त्या सत्तर टक्क्यांत सिंदेवाही कुठे होती, सर? नागपूर, अमरावती, अकोला यांनीच त्या जागा भरलेल्या. माझ्या वर्गात चंद्रपूर जिल्ह्याची मुलं होती ती बहुतेक चंद्रपूर शहराची, नाहीतर दहावीनंतर बाहेर पाठवलेली. विभागाला दिलेला कोटा विभागातलं मोठं शहर खातं. आताही बघा. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. गडचिरोलीला २०२४ मध्ये शंभर जागांचं सुरू झालं. दोन्ही जिल्ह्यांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट. पण त्या जागा भरतात राज्याच्या गुणवत्ता यादीतून आणि अखिल भारतीय कोट्यातून. कॉलेज कुरखेड्याच्या जवळ आलं म्हणून कुरखेड्याच्या मुलीचा पर्सेंटाइल वाढत नाही.

सर : तमिळनाडूने काय केलं? २००६ मध्ये कायदा करून प्रवेश परीक्षाच उठवली. बारावीवर डॉक्टर केले. वाईट झाले का ते डॉक्टर?

डॉक्टर : वाईट अजिबात नाही झाले. पण तुमच्या सिंदेवाहीसारख्या गावातल्या सरकारी शाळेतली मुलं तेव्हाही बोटांवर मोजण्याइतकीच आत जायची. जागा कुणी नेल्या? नामक्कलकडच्या निवासी खासगी शाळांनी. अकरावी बाजूला ठेवून दोन वर्षं बारावीच घोटवायच्या. परीक्षा उठवल्यावर क्लासचा कारखाना बंद पडला नाही, तो बारावीच्या गुणांचा कारखाना झाला. आपल्याकडे बारावीचे पन्नास टक्के धरले तर लातूरला, नागपूरला दुसरं काय होईल?

सर यावर काही वेळ गप्प राहिले असते असं मला वाटतं, कारण याला त्यांच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. बारावीच्या गुणांना वजन दिलं की वर्ग भरतील, ही आशा मी बाळगून होतो. नामक्कलचा दाखला समोर आला की ती डळमळते. ज्या मोजमापाला किंमत येते, त्याच्याभोवती बाजार जमतो. मोजमाप बदललं की बाजार आपलं दुकान उचलून नव्या जागी मांडतो. या हलवाहलवीत सिंदेवाहीचा विद्यार्थी दर वेळी उशिरा पोचतो, कारण नियम बदलल्याची बातमीच त्याला उशिरा कळते.

सर : बरं, एक सांग. तुझ्या परीक्षेचा एवढा विश्वास आहे. २०२४ ची नीट? लातूरपर्यंत अटका झाल्या. २७ एप्रिल २०२५ च्या सीईटीत गणिताच्या एकवीस प्रश्नांचे पर्यायच चुकले आणि ५ मे ला पुन्हा बसवलं पोरांना.

डॉक्टर : चुकले ते इंग्रजी प्रश्नपत्रिकेत. मराठी नीट होती.

सर : एवढंच बरं झालं.

डॉक्टर : पेपर फुटला तेव्हा मला जेवढा राग आला तेवढा तुम्हालाही आला नसेल. माझा पूर्ण भरवसा त्याच गोष्टीवर उभा आहे. पाटणा आणि हजारीबागला फुटला हे सुप्रीम कोर्टातही वादाचं राहिलं नाही, तरी २३ जुलैला फेरपरीक्षा नाकारली गेली. पण घर फुटलं म्हणून उघड्यावर राहायला कुणी जात नाही. कुलूप बदलायचं.

सर : गुणवत्ता म्हणजे कुलूप आणि किल्ली नाही, बेटा. आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. तिसरीपर्यंत शाळा. पटेल-३ धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षामागून वर्ष पेरून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी धान उभं केलं. आज कुठल्या चोपन्न सेकंदांत ती नजर मोजशील?

डॉक्टर : सर, दादाजींबद्दल मला तुमच्याएवढाच आदर आहे. म्हणूनच त्यांचं उदाहरण देऊ नका. तिसरीत शाळा सुटली हे त्यांचं झालेलं नुकसान होतं. त्या नुकसानीला आपण गुणवत्तेचा पुरावा केलं, तर पुढच्या दादाजीचीही शाळा सुटेल आणि आपण म्हणू, बघा, परीक्षेवाचून अडलं नाही. मला ते नको आहे. मला तो माणूस सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून पाहायचा आहे. त्यासाठी कृषी पदवीला प्रवेश लागतो.

सर : कृषीचं बरं काढलंस. तिथे काय करतात? सातबारा असलेल्या घरातल्या पोराला प्रवेशात गुणांचा अधिभार देतात. कुणी म्हटलं का कधी की हा अधिभाराचा कृषी पदवीधर? शेतात वाढलेल्या पोराला शेतीचं अंगभूत ज्ञान असते, त्याला सरकारने किंमत दिली. मग जंगलाकाठच्या कॉलेजात, अर्ध्या शिक्षकांवर शिकून जो पोरगा सीईटीत ऐंशी पर्सेंटाइल आणते, त्याच्या ऐंशीला शहरातल्या ऐंशीपेक्षा जास्त किंमत का नको?

डॉक्टर : हे मला पटतं. परीक्षा राहू दे, निकाल तसाच राहू दे, पण तो वाचताना कुठून आणला ते बघा. तमिळनाडूनेही शेवटी तेच केलं. २०२० मध्ये कायदा करून मेडिकलच्या साडेसात टक्के जागा सरकारी शाळांतून नीट पास झालेल्या मुलांसाठी आतल्या आत राखून ठेवल्या. २०२२ मध्ये मद्रास हायकोर्टाने तो कायदा कायम ठेवला. परीक्षा उठवून जे दहा वर्षांत झालं नाही, ते परीक्षा ठेवून पहिल्या वर्षीच झालं. सरकारी शाळेतली मुलं शेकड्यांनी आत गेली.

सर : मग दोन वेळा सीईटी घेण्यापेक्षा हे करा ना.

डॉक्टर : दोन्ही करा. आणि तिसरी गोष्ट, जिथे परीक्षेची गरजच नाही तिथून ती काढा. यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी लावली. फॉर्म कधी निघाला ते कॉलेजांनाही नीट कळलं नाही, जागा रिकाम्या राहिल्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घ्यावी लागली. बीएस्सी नर्सिंगलाही सीईटी आहे. माझ्या केंद्रात नर्सेस कमी आहेत. आसपासच्या मुलींना नर्स व्हायचं आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना बारावीचा निकाल लागल्यावर कळतं की फॉर्मची तारीख केव्हाच गेली. जागा जास्त आणि मुलं कमी असतील तर चाळणी कशाला?

सर : फॉर्मचं बोललीस म्हणून. माझ्याकडे अजून पोरं येतात ती भौतिकशास्त्र विचारायला नाही येत. डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. पंधरा वर्षांच्या पोराला पर्याय भरता येत नाहीत, बापाला येत नाहीत. सेतू केंद्रावरचा माणूस जे टाकेल ते.

डॉक्टर : माझी जात पडताळणी वेळेत झाली नसती तर नीटचे गुण घेऊन मी घरी बसले असते. खरं सांगते, नागपूरच्या मैत्रिणींना या धावपळीची कल्पनाच नव्हती. त्यांच्या क्लासमध्ये या कामाला वेगळा माणूस होता.

सर : तर मग अधिभार द्यायचा कुणाला, ते ठरव. सिंदेवाहीतून बारावी झालेल्याला म्हणशील, तर पुढच्या जूनमध्ये अर्धं नागपूर सिंदेवाहीत प्रवेश घेईल. कागदावर.

डॉक्टर : तमिळनाडूने त्याचा विचार केला आहे. सहावी ते बारावी सरकारी शाळेत झाली पाहिजे. नुसती बारावी चालत नाही.

सर : तो नियम इथे आणलास तर माझा एकही विद्यार्थी त्यात बसत नाही. तिथे अनुदानित शाळांना ती सवलत नाही. इथे जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढे संस्थेची अनुदानित शाळा आणि संस्थेचंच कनिष्ठ महाविद्यालय. तालुक्यातल्या गरिबाचं पोरगं तिथेच शिकते. सरकारी हा शब्द घातला की चंद्रपूर-गडचिरोलीतली आश्रमशाळा सोडून जवळपास सगळी पोरं बाहेर.

डॉक्टर : तर अनुदानित धरा. आणि शाळा कोणत्या भागातली, ते धरा. नोंदी आहेत सरकारकडे. २०१५ पासून सरलवर प्रत्येक मुलाची शाळा, इयत्ता चढवलेली आहे. यंदा बारावीला असलेला मुलगा सहावीत कुठल्या गावात होता हे शोधायला नवा दाखलाही लागणार नाही. सेतूवर जायला नको, बापाची मजुरी बुडायला नको.

सर : सरलवर कागदी प्रवेशही चढतात.

डॉक्टर : अकरावी-बारावीचे चढतात. सहावी ते दहावीचे कोण चढवेल? तेवढ्या लवकर कुणी एवढा दूरचा डाव खेळत नाही. म्हणून मी म्हणते, सहावी ते दहावी हीच अट ठेवा. पुढची दोन वर्षं मुलाला जिथे बरं शिकायला मिळेल तिथे जाऊ द्या.

सर : म्हणजे हुशार पोरगा दहावीनंतर अधिभार खिशात टाकून नागपूरला जाईल. ज्याला नागपूर परवडते त्यालाच त्या अधिभाराचा खरा उपयोग होईल. आणि माझ्या कॉलेजातली विज्ञान शाखा उरलेल्या पाच पोरांवर कधी बंद होते, ते बघत बसायचं.

डॉक्टर : आणि इथेच बांधून ठेवलं तर? शिक्षकाची जागा रिकामी असलेल्या वर्गात, प्रयोग न करता, दोन वर्षं? अधिभार मिळाला तरी चाळीस टक्के पडायचे नाहीत. त्याला दिलेले जादा गुण कुठे लावणार?

सर : तर जागा भरा. अधिभार देणारं सरकार आणि शिक्षक नेमणारं सरकार एकच आहे.

दोघांचं इथे जमलं नाही, आणि ते ओढूनताणून जमवण्यात अर्थ नाही. मी मात्र या मुद्द्यावर सरांच्या बाजूने आहे. अट बारावीपर्यंतचीच हवी, आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे पूर्णवेळ शिक्षक आहेत की नाहीत याची यादी सीईटीच्या निकालाबरोबर दरवर्षी जाहीर व्हायला हवी. पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत काढणाऱ्या यंत्रणेला तालुक्यातल्या रिकाम्या जागा मोजणं अवघड जाऊ नये. एप्रिल-मेच्या दोन संधी चांगल्या आहेत, त्या राहाव्यात. त्यातली एक तरी परीक्षा सिंदेवाहीत, मुलांना चालत किंवा सायकलने पोचता येईल अशा जागी व्हावी. डॉक्टरांची भीती खोटी नाही. आज जी मुलगी अकरावीत आहे, तिच्या वर्गाला दोन वर्षांत शिक्षक मिळाला नाही, तर माझी अट तिच्या पायातला खोडा होईल. म्हणून शिक्षक आधी, अट नंतर, आणि तोवर त्या मुलीला नागपूरला जाऊन शिकावं लागलं तरी अधिभार मिळावा.

डॉक्टर : सर, मी रिपीट केलं ते बारावीनंतर. अकरावी-बारावी तुमच्याच वर्गात बसले होते. तुमच्या अटीत मी बसते.

सर : बसतेस. तुझ्या बॅचच्या पटावर माझ्याकडे खूप नावं होती. रोज वर्गात येणाऱ्या तुम्ही सात-आठ जणी. बाकीच्यांना मी निरोपसमारंभाला पहिल्यांदा पाहिलं. ती अट त्या सात-आठ जणींसाठी पाहिजे.